गाविलगड, 1803 : पार्श्वसंगीताच्या कामाच्या नोंदी

6 नोव्हेंबर

चित्रपटाच्या लोकवाद्यांच्या मुद्रणासाठी जागा ठरली. परतवाड्याच्या अलीकडे एक बंद पडलेलं जिनिंग आहे, त्याचं सरकीचं गोदाम मिळालं. टिनाचं छत, विटांच्या भिंती, खाली कोबा. टाळी वाजवली की घुमारा दीड-दोन सेकंद रेंगाळतो. डफड्याला तो लांबच्या एका माइकपुरता चालेल, सनईला अजिबात नाही. गावात बऱ्याच जणांनी भाव वाढायची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवलाय. मालकाच्या ओळखीने त्यातला थोडा गोदामात आणून दोन भिंतींना छातीएवढा रचायचा, असं ठरलं. इतका जाड शोषक मुंबईच्या स्टुडिओलाही परवडणार नाही. अट एकच, भाव चढला की कापूस जाणार.

आवाजाचा त्रास दोन प्रकारचा. दिवसा रस्त्यावरचे संत्र्याचे ट्रक, रात्री शेतातले पंप. कोणत्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री, ते वेळापत्रक लाइनमनकडून घेतलं. आमचं वेळापत्रक बरोबर त्याच्या उलटं राहील. शकुंतला ही इथली नॅरोगेज गाडी बंद असल्यामुळे रेल्वेची काळजी नाही, असं म्हणताना वाईट वाटलं.

माझ्याकडचं काम : लोकवाद्यांचं ध्वनिमुद्रण, लयीचा नकाशा, आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्याला टिपणं. चाली संगीतकाराच्या.

9 नोव्हेंबर

दिग्दर्शक आणि संगीतकारासोबत पूर्ण चित्रपट थांबत-थांबत पाहिला. कुठे संगीत, कुठे शांतता, याच्या खुणा केल्या. कथा सरळ आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या मैदानात कंपनी सरकारचा सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवलं. उरलेली फौज सातपुड्यात गाविलगडावर चढली, 15 डिसेंबरला गड पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला.

दिग्दर्शकाची कल्पना अशी की कंपनी सरकार पडद्यावर आलं की ऑर्केस्ट्रा आणि भोसले आले की लोकवाद्यं. ऐकायला सोपं, प्रेक्षकालाही लगेच कळेल. मला पटलं नाही आणि मी तिथेच सांगितलं. वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणींपेक्षा मद्रासचे देशी शिपाई जास्त होते. अडगावला तोफांचा मारा सुरू होताच आधी पांगले ते त्यांतलेच काही. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभं केलं. समोर भोसल्यांकडे अरब होते. गडाचा किल्लेदार बेनीसिंग राजपूत. मग कोणाच्या नावावर व्हायोलिन लिहायचं आणि कोणाच्या नावावर डफडं? कंपनीच्या शिपायांसोबत बासरीसारखी फाइफ आणि खांद्याला अडकवलेला ढोल चालायचा, तो वाजवणारे बरेचदा याच देशातले.

संगीतकार माझ्या बाजूने. दिग्दर्शक म्हणाले, "विचार करू." त्यांच्या संकलनावर सध्या परदेशी युद्धपटांचं उसनं संगीत चिकटवलेलं आहे. प्रत्येक तोफेला ट्रॉम्बोनचा एक डरकाळा. ते इतक्यांदा ऐकलंय की आता त्यांना दुसरं काही ऐकूच येत नाही. हा रोग सगळ्या संकलन-खोल्यांत आहे.

13 नोव्हेंबर

ताफा ठरवला. लग्नसराईचा ताफा आहे: तीन डफडी, दोन ताशे, एक ढोल, सनई. सुपारी लग्नाच्या दराने मागितली. मी निर्मात्याला कळवलं की ऑर्केस्ट्रातल्या वादकाला तासाचे जे पैसे लावले आहेत तेच यांना लावा, नाहीतर हिशेबात तो फरक डोळ्यांवर येईल. दोन दिवस फोन झाले, मग मान्य. ताफ्याच्या मोहरक्याला सगळे काकाजी म्हणतात, मीही म्हणू लागले.

ताफ्याच्याच गावातल्या एका आजोबांचा निरोप आला की भेटून जा. गेले. त्यांच्या घरी ओट्याच्या कोनाड्यात डफड्याचं रिकामं कडं आहे, कातड्याविना. त्यांच्या आजोबांचं. "आता आमच्यात कोनी वाजवत नाही," म्हणाले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाल्यावर विदर्भातल्या गावोगावी कितीतरी घरांनी डफडं खाली ठेवलं, त्यातलं हे एक. गावकीत ते वाजवणं हा मान नव्हता, ते करावं लागायचं; मेलेल्या ढोरासोबतच त्या वाद्याचं कातडंही त्यांच्याच वाट्याला यायचं. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं, "सिनेमात वाजवनारा दाखवसान, त हसत हसत वाजोते असा नोका दाखवू."

पटकथेत असा एक प्रसंग आहेच. फौज गावातून जाते, वाजंत्री आनंदाने वाजवत पुढे. दिग्दर्शकांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, प्रसंग काढला नाही, पण वाजंत्र्यांच्या चेहऱ्याचे जवळचे शॉट काढले. त्या जागी संगीतातूनही उत्सवाचा रंग काढायचा, असं संगीतकाराशी ठरवलं. ताशे बंद, फक्त डफड्याचा चालीचा ठेका, दुरून.

17 नोव्हेंबर

पहिलं मुद्रण. सकाळी सहाला थंडी इतकी की डफडी बोलतच नव्हती. दव पडलं की कातडं सैल होतं, आवाज पडतो. बाहेर तुराट्या पेटवून शेकली. शेकल्यावर आवाज चांगला चढतो, आणि वाजवता वाजवता पुन्हा उतरत जातो. म्हणून प्रत्येक टेकआधी शेकणं आणि टेक चार मिनिटांपेक्षा लांब नाही, असा नियम केला. शेकोटीचा तडतड आवाज माइकात येत होता, ती लांब नेली. ताशे फायबरचे आहेत, त्यांना हा त्रास नाही, पण त्यांचा आवाजही तसाच कोरडा.

माइक : प्रत्येक डफड्याला एक, ढोलाला दोन्ही तोंडांना एकेक, डोक्यावर जोडीचे दोन, आणि गोदामाच्या टोकाला घुमाऱ्यासाठी एक. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट.

खरी अडचण क्लिकची. आजच्या पद्धतीत आधी संगणकात लय बांधतात, कानात टिकटिक देतात आणि सगळे तिच्यावर वाजवतात. त्यामुळे नंतर जोडकाम सोपं होतं, ऑर्केस्ट्रा दुसऱ्या देशात मुद्रित झाला तरी एकत्र बसतो. संगीतकाराने मिनिटाला 104 ची टिकटिक पाठवली होती. काकाजींनी हेडफोन लावले, थोडं वाजवलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"ताई, ह्या टिकटिकीवर कोन नाचन?"

मी सांगितलं की परदेशातले लोक नंतर यावर वाजवणार आहेत, सगळ्यांची लय एक हवी. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "घड्याळ आमच्या मांगं लावा. आमाले घड्याळाच्या मांगं नोका लावू."

तरी पोरांनी टिकटिकीवर तीन टेक दिले. चुकले कुठेच नाहीत, पण ऐकताना कोणाचाही पाय हलला नाही. मग टिकटिक बंद केली आणि काकाजींना प्रसंग सांगितला : फौज मैदानात उभी आहे, समोर धूळ दिसते, अजून कोणी दिसत नाही, मग दिसायला लागतात. त्यांनी सुरुवात 96 च्या आसपास केली आणि तीन मिनिटांत 118 पर्यंत नेली, कुणालाही न सांगता, तिन्ही डफडी सोबत. मध्ये दोन ठिकाणी लय किंचित मागे आली, तिथे ताशा पुढचं वळण घेत होता. हे टिकटिकीवर कधीच झालं नसतं.

ठेक्याबद्दल एक टिपण ऑर्केस्ट्रावाल्यासाठी : ठेका चाराचा, पण त्यातला एकेक ठोका सरळ दोन भागांचा नाही आणि चोख तिनाचाही नाही. दोघांच्या मधे कुठेतरी लोंबतो आणि लय चढली की दोनाकडे झुकतो. कागदावर 12/8 (चार ठोके, प्रत्येकी तीन भाग) लिहिलंत तर वादक ते 12/8 वाजवतील, आणि तेच नको आहे.

18 नोव्हेंबर

संगीतकाराला दोन्ही टेक पाठवले, टिकटिकीचा आणि मोकळा, कोणता कोणता ते न सांगता. तासाभरात उत्तर आलं, मोकळा. आता काम उलट्या क्रमाने होणार. आधी डफडं, त्याच्या प्रत्येक ठोक्यावर हाताने खूण करून लयीचा नकाशा, त्या नकाशावर स्वरलेखन, आणि शेवटी ऑर्केस्ट्रा. माझं काम तिप्पट वाढलं.

24 नोव्हेंबर

नकाशाचं काम. प्रत्येक ठोक्यावर रेषा. संगणक आपोआप खुणा करतो, पण तो ताशाच्या काडीला ठोका समजतो, त्यामुळे पुन्हा हाताने. सांगण्यासारखं काही नाही.

29 नोव्हेंबर

शिंगवाले आले, जवळच्या देवस्थानात पालखीपुढे वाजवतात. तांब्याचं शिंग, दोन तुकड्यांचं. त्याला भोकं नाहीत, झडपा नाहीत, फक्त ओठ. त्यामुळे नळी जे स्वर देते तेच मिळतात : सा, वरचा सा, प, त्यावरचा सा, ग, प, मग एक उतरलेला कोमल नि, पुन्हा सा. तो कोमल नि पियानोच्या कोमल निपेक्षा 31 सेंट खाली असतो (सेंट म्हणजे पियानोच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). त्याहून वर गेलं तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या बरोबर मधे पडणारा एक स्वर येतो. पेटीवर बसलेल्या कानाला तो बेसूर वाटतो, पण नळीच्या हिशेबाने अगदी चोख आहे.

आता 1803 साल आठवा. पितळी वाद्यांना झडपा जर्मनीत 1814 ते 1818 च्या सुमारास आल्या. म्हणजे अडगावला कंपनीच्या तुतारीवाल्याकडेही हीच शिडी होती, तीच गाळलेली पायरी, तोच उतरलेला नि. दोन्ही फौजा समोरासमोर एकाच स्वरमालिकेत एकमेकांना भिडत होत्या. दिग्दर्शकांच्या 'त्यांचं संगीत, आपलं संगीत' याला माझ्याकडे आता इतिहासाहून ठोस उत्तर आहे.

ऑर्केस्ट्रावाल्याला लिहिलं : 2एम1 (दुसऱ्या रीलमधला पहिला संगीताचा तुकडा) मधले चारही हॉर्न फक्त नैसर्गिक स्वरांत लिहा, झडपा दाबायच्या नाहीत, आणि सातवा स्वर दुरुस्त करू नका, शिंगासोबत तसाच घासू द्या. त्याचं उत्तर आलं की असं लिहिलं तर वादक विचारतील हे मुद्दाम आहे का. स्वरपानावरच लिहा, मुद्दाम आहे.

आज लढाईचीच तारीख होती, हे संध्याकाळी चहा घेताना लक्षात आलं. ती लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली आणि चांदण्यात पाठलाग होऊन संपली. चित्रपटात मात्र भर दुपारचं ऊन आहे. चित्रीकरण वेळापत्रकावर चालतं, इतिहासावर नाही.

2 डिसेंबर

बॅगपाईपचा दिवस. कंपनीच्या बाजूने अडगावला स्कॉटिश पलटणी होत्या, 74वी, 78वी आणि 94वी. फौजेतून निवृत्त झालेले एक पाईपवाले अमरावतीहून आले, मेरठचा पाईप घेऊन. वाद्य नऊ स्वरांचं, आवाज कमी-जास्त होत नाही आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. दोन सारखे स्वर लागोपाठ वाजवायचे तर मधे एक झटका द्यावा लागतो, नाहीतर ते एकच लांब स्वर होतात.

सनईवाले कोपऱ्यात बसून ऐकत होते. "आमच्यासारखंच आहे हे. फक्त गाल पिशवीत ठेवले," म्हणाले. अगदी खरं. पाईपच्या मुख्य नळीतही सनईसारखीच दुहेरी पत्ती आहे. सनईवाला गालात हवा साठवून श्वास न तोडता वाजवतो, पाईपवाला ती पिशवीत साठवतो. दोघांच्याही मागे अखंड सूर. त्यांना एकत्र बसवलं, ठरवून काही नाही. दोघांचे षड्ज जुळेनात : आजच्या पाईपचा 'ए' प्रत्यक्षात बी-फ्लॅटच्याही थोडा वर बोलतो आणि सनई तिच्या घडणीप्रमाणे. पण न जुळता जो थरथराट झाला तो मी मुद्रित करून ठेवला. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात लाटा उठतात. धुळीत दोन फौजा एकमेकांच्या टप्प्यात येण्याचा क्षण आहे, तिथे हाच आवाज, दुसरं काहीच नको. नाव ठेवलं 2एम3.

5 डिसेंबर

गावातलं भजनी मंडळ स्वतःहून आलं, सिनेमात खंजिरी भजन घ्या म्हणून. गातात सुंदर. पण खंजिरीची ही ढब राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनामुळे घराघरांत गेली, आणि महाराजांचा जन्म 1909 चा. 1803 च्या गडावर ती चालणार नाही. हे सांगितल्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "मंग त्या वाक्ती लोकं काय म्हनत?" अभंग म्हणत, टाळ आणि मृदंगावर. तेवढं त्यांच्याकडून घेतलं, गड पडण्याच्या आदल्या रात्रीसाठी, कुजबुजीच्या आवाजात.

8 डिसेंबर

मेळघाटात चढलो. प्रसंग तोफांचा आहे. कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने 7 ते 12 डिसेंबर 1803 या काळात जड तोफा डोंगरदऱ्यांतून माणसांच्या हातांनी ओढत गडाच्या उत्तरेला लबाडा गावापर्यंत नेल्या, वाटाही स्वतःच करत. पटकथेत या वाटेवर कोरकू वस्ती दिसते.

संगीतकाराने माझ्यासाठी लिहिलं होतं, 'आदिवासी कोरस, शब्द काहीही चालतील.' नाही चालणार. कोरकू ही पूर्ण भाषा आहे, मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची नातेवाईक; शेजारच्या मराठीशी किंवा गोंडीशी तिचं नातं नाही. हुया-हुया करून तिची टर उडवायची असेल तर माझं नाव काढा, असं उत्तर दिलं. जरा तापूनच लिहिलं, पण मागे घेतलं नाही.

वस्तीवरच्या बायकांना गाण्याबद्दल विचारलं. त्यांना जी गाणी चांगली वाटतात ती होळीची, फगव्याची, आणि ती आत्ता म्हणायची नाहीत. वेळ नाही त्यांची. एकीने विचारलं, "तुम्ही दिवाळीत होळी करता का?" मग एका बाबांनी बासरी काढली आणि दोघांनी ढोल. शब्दांविना नाचाची एक चाल, फिरत-फिरत परत तिथेच येणारी. बाजूला बसलेल्या पोरांनी हातात हात धरून पाय टाकायला सुरुवात केली, मुद्रणात पावलांचा आवाजही आला. मी तो ठेवला. ढोल डाव्या हातावर जरा उशिरा पडतो, त्यामुळे वजन ओढल्यासारखं वाटतं, आणि तोफा ओढण्याच्या प्रसंगाला तेच हवं होतं. पण ती चाल नाचाची आहे, कष्टाची नाही, हे मला माहीत आहे आणि प्रेक्षकाला नसेल. म्हणून ती तोफा ओढणाऱ्यांच्या शॉटवर न लावता वस्तीच्या शॉटवर लावावी, असं सुचवलं. तोफा ओढण्याच्या शॉटवर दोरांचा आणि चाकांचाच आवाज ठेवा. मान्य झालं.

15 डिसेंबर

सनईच्या सुराचा प्रश्न. आमच्या सनईचा सा ऑर्केस्ट्राच्या 'डी'पेक्षा 35 सेंट वर आहे. संगणकात सनई खाली ओढता येते. पण सनई 35 सेंट ओढली की पत्तीचा जो खरखरीत कडा आहे तो आधी मरतो. उलट तंतुवाद्यांचा नुसता धरलेला सूर तेवढाच वर सरकवला तर कानाला कळतही नाही. म्हणून सनई जिथे आहे तिथे ऑर्केस्ट्राने फक्त सा आणि प धरायचा, ग लावायचाच नाही, आणि मुद्रणानंतर ते सूर सनईकडे सरकवायचे. डफड्याच्या बाबतीत जे लयीचं ठरलं तेच इथे सुराचं.

संध्याकाळी कापसाचा भाव थोडा वाढल्याची बातमी. एक भिंत उघडी झाली. उरलेली सनई मालकाच्या माडीवर घेतली, जुन्या गाद्या लावून.

22 डिसेंबर

दिग्दर्शकांचा नवा आग्रह : कंपनीच्या तोफा 'राक्षसी' वाटल्या पाहिजेत. त्यांनी 1938 चं उदाहरण दिलं, आइझेनश्टाइनच्या अलेक्झांडर नेव्हस्की या चित्रपटाचं. तिथे प्रोकोफिएवने शत्रूची पितळी वाद्यं माइकच्या अगदी जवळ वाजवून आवाज मुद्दाम फाटू दिला होता. उदाहरण उत्तम आहे, मला स्वतःला फार आवडतं. पण तो चित्रपट ज्या काळात आणि ज्या हेतूने काढला, त्यात शत्रूचा चेहरा नसणंच हवं होतं. आपल्या चित्रपटात शत्रूच्या फौजेतला एक मद्रासी शिपाई गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र आहे. त्याच्या अंगावर फाटकं संगीत घालून कसं चालेल?

तोड अशी काढली. जवळचा, फाटणारा आवाज वापरायचा, पण तोफ कोणाचीही असो, जिच्या समोर कॅमेरा उभा आहे तिला. भोसल्यांच्या तोफा सुटतात तेव्हाही. शिंग आणि ट्रॉम्बोन दोन्ही तसे मुद्रित करायचे. दिग्दर्शकांनी दोन्ही बाजूंचे नमुने पाहिले आणि हो म्हणाले. या कामातला त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो त्यांनी कुरकुर न करता घेतला हेही लिहून ठेवते.

9 जानेवारी

बुडापेस्टचं मुद्रण. तिकडे सकाळचे दहा म्हणजे इथे दुपारचे अडीच. अमरावतीत मित्राच्या ऑफिसातून इंटरनेटवर बसलो. परतवाड्याच्या लाइनवर विश्वास ठेवायची हिंमत नव्हती. 28 तंतुवाद्यं, चार हॉर्न, तीन ट्रॉम्बोन, एक ट्युबा. लाकडी फुंकवाद्यं पैशांत बसली नाहीत, आणि सनई-बासरी असताना त्यांची उणीवही नाही.

मोठी शंका होती की हे लोक अशा चढत्या लयीवर कसे वाजवतील. युक्ती एवढीच केली : त्यांच्या कानात टिकटिक दिलीच नाही, डफडंच दिलं. नेहमी हेडफोनमधून टिकटिक गळून माइकात शिरते आणि हळू जागी ऐकू येते, मग ती साफ करत बसावं लागतं. डफडं गळलं तरी बिघडत नाही, ते चित्रपटात असणारच आहे. पहिल्या टेकला चेलो मागे राहिले, त्यांची नजर कागदावर होती. ऑर्केस्ट्राच्या संचालकाने इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि दुसऱ्या टेकपासून ते ठेक्याबरोबर लोंबायला लागले. तिसरा टेक ठेवला.

हॉर्नवाल्यांनी 2एम1 वर खरोखरच विचारलं की ही चूक आहे का. संचालकाने पान दाखवलं. सातवा स्वर शिंगावर घासला तेव्हा इकडे आमच्यातला एकजण "आई शप्पथ" म्हणाला, ते तिकडेही ऐकू गेलं.

गड पडण्याचा प्रसंग, 7एम1. 94व्या पलटणीचे लोक शिड्या लावून आतल्या किल्ल्याच्या भिंतीवर चढतात, दार उघडतात, बेनीसिंग लढताना पडतो. इथे निर्मात्यांना 'भव्य' हवं होतं. संगीतकाराने चाल लिहिली आहे ती मोठी आहे, पण शेवटच्या चार मात्रांत तंतुवाद्यं एकेक करून सोडून देतात आणि फक्त गोदामाच्या टोकाच्या माइकवरचं डफडं उरतं. विजयाची पितळी ललकारी नाही. त्याला एक कारणही आहे : देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गमावला, पण गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडेच राहिले. ज्यासाठी एवढी माणसं मेली तो गड दोन दिवसांनी कागदावर परत. यावर ललकारी कोणाची वाजवायची?

24 जानेवारी

मोकळ्या लयीची किंमत आज मोजली. संकलकाने रील 6 मधून 40 फ्रेम काढल्या, घोडेस्वारांच्या शॉटमधून. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 1.67 सेकंद. तिथे डफड्याची लय 112 च्या आसपास, एक ठोका 0.54 सेकंदाचा. तीन ठोके काढले तर 1.61 सेकंद, जवळजवळ बसतं, पण ठेका चाराचा आहे, तीन काढले की लंगडतो. टिकटिकीवर असतं तर लय किंचित वाढवून सगळं सरकवता आलं असतं. आता डफडं ताणलं की कळतं, आणि ऑर्केस्ट्रा त्याच्यावर शिवलेला.

काकाजींना फोन केला. लग्नात होते, मागे बँड. अडचण सांगितली, तो तुकडा फोनवर ऐकवला. ते म्हणाले, "तीन नोको काढू. पुरा ठेका काढ, चारी. मंग उठानीच्या आंधी जरासा दम घेऊ दे. मानूस दम घेतेच ना तिथी."

हिशेब केला. चार ठोके म्हणजे 51 फ्रेम. 40 हव्या होत्या, 11 जास्त गेल्या. त्या 11 फ्रेम, अर्ध्या सेकंदाला जरा कमी, उठानीआधीच्या, म्हणजे ठेका पुन्हा उचलण्याआधीच्या, दमाच्या. 17 नोव्हेंबरच्या दुसऱ्या एका टेकमध्ये तसा दम त्यांनी खरोखरच घेतला होता, हात वर गेल्याची सळसळही त्यात आहे. तो तुकडा तिथे जोडला. ऑर्केस्ट्राची चार ठोक्यांची एक मात्रावळ काढली, चेलोचा सूर दमावर तसाच वाहू दिला. घोडा चित्रात नेमका उठानीवर उडी घेतो, हे आधीच्या संकलनात होत नव्हतं.

फाइल 6एम2 पाठवली. श्रेयनामावलीही सोबत पाठवली, 'लोकवाद्य वृंद' असं एका ओळीत न गुंडाळता प्रत्येकाचं नाव वाद्यासह, बुडापेस्टच्या वादकांच्या आधी. ताफ्याचे उरलेले पैसे सोमवारी खात्यावर जमा होतील असं निर्मात्यांनी कळवलं आहे. जमा झाल्याचा काकाजींचा फोन आल्यावर इथे खूण करायची.